‘चार फूट पुढे बसा’ : अनुभव, उपदेश आणि खालच्या मजल्यावरचे काका

खर्जातला (धागाकर्ता)

मंडळी, मागच्या पावसाळ्यात मी इथे एक लांबलचक धागा काढला होता, काहींना आठवत असेल. नसेल तर थोडक्यात सांगतो.

माझी ऐकायची खोली १० बाय १२ ची. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत असते तशी. सिमेंटच्या भिंती, गुळगुळीत फरशी, एका अंगाला पत्र्याचं कपाट, जे विशिष्ट सुराला थरथरतं. दिवाण भिंतीला टेकलेला आणि मी दिवाणावर, भिंतीलाच टेकलेला. तबला लागला की डग्ग्याचा प्रत्येक बोल सारखाच, ‘धब्ब’. साधा ‘घे’ कुठला, घसीट कुठली, काही पत्ता लागायचा नाही. दोन वर्षं मी स्पीकरला शिव्या घातल्या. मग ॲम्प्लिफायरला. मधल्या काळात स्पीकरच्या तारांवर साडेचार हजार घातले, ते घरी अजून माहीत नाही.

मग रंगकाम निघालं. सामान सगळं मधोमध ओढलेलं, मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर भिंतीपासून चारेक फूट पुढे बसलेलो, आणि रंगाऱ्यांची चहाची सुट्टी म्हणून सहज एक विलंबित एकताल लावला. डग्गा बोलायला लागला. अक्षरशः बोलायला. तळव्याचा दाब वाढला की सूर कसा चढतो ते दिसावं तसं ऐकू आलं. शून्य रुपये खर्च.

इथवर ठीक होतं. हे एवढंच लिहिलं असतं तर आजचा धागा काढावा लागला नसता. पण मी शीर्षक दिलं, ‘प्रत्येकाने चार फूट पुढे बसावं’. प्रतिसाद धडाधड आले, वाचनखुणा साठवल्या गेल्या, आणि मी चार फूटवाला झालो. कोणी काहीही विचारो, उत्तर तेच. स्पीकरमधून हम्म येतोय? चार फूट. आवाज पातळ आहे? चार फूट. एका बिचाऱ्याने हेडफोनबद्दल विचारलं होतं, त्यालाही मी खोलीबद्दल चार शब्द ऐकवले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. बँकेतून निवृत्त, किराणा घराण्याचे जुने भक्त. सोनोडाइनचा जुना ॲम्प्लिफायर, मोठे लाकडी स्पीकर, आणि रोज संध्याकाळी सहा ते आठ हॉलमध्ये गाणं. त्यांनी मला काहीही विचारलेलं नव्हतं. मी चहाला गेलो होतो. कप खाली ठेवला आणि त्यांचा सोफा स्वतः ओढून भिंतीपासून चार फूट पुढे आणला. टेपने मोजून. ‘काका, आता ऐका.’ काका म्हणाले, ‘हं. छान.’

दीड महिन्यानंतर लिफ्टमध्ये काकू भेटल्या. म्हणाल्या, ‘हे हल्ली फारसं ऐकत नाहीत. म्हणतात, माझा कान गेला.’

मी खाली गेलो, सोफ्यावर बसलो, त्यांच्या नेहमीच्या काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी हा ज्याचा षड्ज) गायकाचं लावलं. तानपुऱ्याचा खर्ज गायब. पंचम आहे, जोड आहे, खालचा षड्ज मात्र कागदावर रबर फिरवल्यासारखा पुसलेला. उठून भिंतीशी जाऊन उभा राहिलो तर खर्ज परत हजर. सोफा मागे ढकलला. काका म्हणाले, ‘तुला यातलं एवढं कळतं. तू सांगितलंस म्हणजे ते बरोबरच असणार. मला खर्ज ऐकू येत नाही म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय असं वाटलं.’

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

माझा अनुभव खोटा नव्हता, आजही नाही. पण त्यांच्या हॉलमध्ये मी अनुभव नेलाच नव्हता, नुसता निष्कर्ष नेला होता. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असतं आणि उत्तररंगात आख्यान. आपल्या या छंदात बरेच जण आख्यान गाळून निरूपणच लावतात. त्यात मी पहिला. तुमचे असे किस्से असतील तर लिहा. दोन्ही बाजूंचे, केलेल्या उपदेशाचे आणि सोसलेल्या.

काडीपेटी

म्हणजे उपदेश करू नका असा उपदेश करणारा धागा. शेंगदाणे घेऊन बसतोय.

मीटरवाला

काकांच्या हॉलची लांबी किती? सोफा ज्या भिंतीपासून सरकवलास तिथून समोरच्या भिंतीपर्यंत.

खर्जातला

@मीटरवाला, १६ फूट. समोर स्पीकरमागे पूर्ण भिंत आहे.

मीटरवाला

वाटलंच होतं. मंडळी, यात जादू काही नाही. इथे स्टुटगार्टात रात्रीचे साडेअकरा झालेत, पण हे लिहून मगच झोपतो.

दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाची लाट अडकते. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर. खोलीच्या लांबीच्या दुपटीने त्याला भागा, पहिला घुमणारा सूर मिळतो. तुझी खोली १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. पहिला घुमार ४७ हर्ट्झच्या आसपास, दुसरा त्याच्या दुप्पट, ९४. भिंतीशी या दोन्हींचा दाब सर्वांत जास्त. भिंतीला टेकून बसलास म्हणजे दोन्ही घुमार अंगावर घेत होतास. चार फूट पुढे आलास, म्हणजे लांबीच्या बरोबर एक तृतीयांशावर. तिथे ४७ चाही दाब निम्मा होतो आणि ९४ चाही. दोन्ही ६ डेसिबलने खाली. डग्गा मोकळा झाला तो यामुळे.

आता काकांचा हॉल. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. पहिला घुमार ३५, दुसरा ७१ च्या जरा अलीकडे. चार फूट म्हणजे तिथे बरोबर पाव लांबी. दुसऱ्या घुमाराचा दाब पाव लांबीवर शून्य असतो. कमी नव्हे, शून्य. आणि काळी एकचा खर्ज किती? काळी एक १३८.६ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा, ६९.३. तू काकांना टेपने मोजून नेमकं त्या खड्ड्यात बसवलंस. साडेतीन किंवा पाच फुटांवर बसवलं असतंस तर एवढं वाईट झालं नसतं.

प्रत्यक्षात सोफा, उघडं दार, पडदे यांनी आकडे थोडे हलतात. पण थोडेच.

खर्जातला

_/\_

काकांना हे वाचून दाखवलं. त्यांनी ‘६९.३’ कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

चांदीची तार

धाग्यात ‘तारांवर साडेचार हजार’ हा टोमणा आला म्हणून लिहितो, एरवी वाचून सोडून दिलं असतं.

मी इथे नऊ वर्षं आहे. ‘प्रत्येकाने चांदीची तार घ्यावी’ असं माझं एक वाक्य दाखवा. मी काय लिहिलं होतं? अमुक तार काढली, तमुक लावली, मला सारंगीच्या गजाची खरखर जास्त जवळ वाटली. संपलं. त्यावर आलेले प्रतिसाद आठवतात? ‘शक्यच नाही.’ ‘भौतिकशास्त्र शिका.’ ‘पैसे जास्त झालेत.’ एकाने माझ्या पगाराची चौकशी केली होती. म्हणजे अनुभव सांगणारा मी, आणि उपदेशक कोण?

आकडेवाल्यांना वाटतं की आकड्याच्या अंगावर सोवळं असतं. सोवळं नेसून कोणी समोरच्याला झिडकारलं तरी ते झिडकारणंच.

मीटरवाला

@चांदीची तार, मोजणं म्हणजे उपदेश नव्हे. मी कोणाला ‘आवडून घेऊ नका’ म्हणत नाही. पण ‘मला वाटलं’ आणि ‘तारेने झालं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि तुमच्या लेखनात दुसरं वाक्य हळूच पहिल्याच्या जागी येऊन बसतं.

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीतल्याच ४० जणांना चार स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआड, एकदा उघड्यावर. उघड्यावर मोठ्या, महागड्या स्पीकरांचे गुण वर गेले आणि छोट्या स्वस्त संचाचे खाली आले. ऐकण्याचा सराव असलेलेही यातून सुटले नाहीत. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. पडद्याआड असताना स्पीकरची जागा बदलली की लोकांचे गुण बदलत होते. खोलीचा फरक कानाला कळत होता. पडदा काढल्यावर तोच फरक जवळजवळ कळेनासा झाला. डोळ्यांनी कानांना गप्प बसवलं.

खर्जातलाच्या खोलीतला डग्गा हा खरा फरक होता, मोजता येणारा. तुमच्या सारंगीबद्दल मी एवढंच म्हणेन, पडदा लावून बघा.

रविवारची रेकॉर्ड

सोसलेल्या उपदेशाचा किस्सा मागितलाय, तर घ्या.

बाबा गेल्यावर त्यांचा रेकॉर्ड प्लेयर माझ्याकडे आला. त्याच्यासोबत ७८ च्या साठ-सत्तर तबकड्या आणि थोड्या एलपी. सुई झिजलेली. मी इथे विचारलं, ‘या प्लेयरची सुई पुण्या-मुंबईत कुठे मिळेल?’ फोटोही टाकला होता. बेचाळीस प्रतिसाद आले. पहिल्याने सांगितलं, हा प्लेयर फेकून द्या, तबकड्यांची वाट लावेल. दुसऱ्याने तीस हजारांचा नवीन सुचवला. तिसरा म्हणाला तीस हजारांत काय येतं, निदान ऐंशी. मग त्या दोघांची आपसात जुंपली. मग विनाइल श्रेष्ठ की सीडी. मग कोणीतरी ॲनालॉगच्या उबेवर निबंध लिहिला. मधे एकदा मी ‘सुई?’ एवढंच लिहून पाहिलं. त्यावर उत्तर आलं, ‘ताई, तुमचा मूळ दृष्टिकोनच चुकतोय.’

दृष्टिकोन! मला सुई हवी होती हो.

त्या उबेवरच्या निबंधाबद्दलही एक. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. शुद्ध ॲनालॉग समजून लोक ज्या महागड्या एलपी वर्षानुवर्षं घेत होते, त्यांतल्या कितीतरी बनवताना मधे एक डिजिटल टप्पा होता. तो कानाने कोणी पकडला नव्हता, आणि उबेचं कौतुक तोवर अखंड चालू होतं. मी त्या एलपींना नावं ठेवत नाही, त्या चांगल्याच वाजतात म्हणे. पण निबंधकार त्यानंतर इकडे फिरकलेले नाहीत.

सोल्डर

ताई सुई मिळाली का शेवटी. प्लेयर जुना असेल तर कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) सिरॅमिकचं असणार, टर्नओव्हरवालं. बाजूला छोटी दांडी असते, फिरवली की एका बाजूला ७८ ची सुई, दुसऱ्या बाजूला एलपीची. ७८ ची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते. एलपीची सुई ७८ वर टाकली तर तळाला घासत फिरते आणि नुसती खरखर येते. पुष्कळ लोक म्हणतात तबकडी खराब झाली. तबकडी चांगली असते, दांडी उलटी असते.

रविवारची रेकॉर्ड

@सोल्डर, बेचाळीस प्रतिसादांत हे एक वाक्य असतं तर! सुई लॅमिंग्टन रोडला मिळाली शेवटी, पण दांडीचं मला आजच कळलं. रविवारी बघते.

सोल्डर

आमचं दुकान तापकीर गल्लीत होतं, आता मुलगा बघतो. मी ३५ वर्षं ॲम्प्लिफायर उघडले. धागाकर्ते म्हणतात अनुभव सांगा, उपदेश नको. मला अर्धंच पटतं.

एक गिऱ्हाईक आलं. ॲम्प्लिफायरमधून हम्म येत होता. कुणीतरी सांगितलं, मी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली, हम्म गेला, तीन वर्षं झाली, मला काही झालं नाही. आता हा अनुभवच झाला ना. खोटा पण नाही. पिन काढली की हम्म जातो, बऱ्याच वेळा जातो. यानेही काढली. आतमध्ये ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलेलं, लोखंडी बॉडीत करंट उतरला. पोराने ओल्या हाताने बटण फिरवलं. वाचला, लांब फेकला गेला म्हणून वाचला.

तिथे ‘माझा अनुभव असा आहे, तुमचा वेगळा असू शकतो’ असलं गोड बोलायचं नसतं. सरळ दम द्यायचा. पिन काढायची नाही. फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज टाकायचा नाही. हम्म येतोय तर सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घेऊन बघा, केबल टीव्हीची वायर काढून बघा, नाही गेला तर मेकॅनिककडे जा.

स्पीकर कुठे ठेवायचा त्याने कोणी मरत नाही. तिथे काय बोलायचं ते बोला.

खर्जातला

@सोल्डर, काका, ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. ‘मला काही झालं नाही’ हाही अनुभवच की. पहिल्या पोस्टमध्ये मी अनुभवाला फारच निरागस ठरवलं.

काडीपेटी

चला, धागाकर्त्याने बारा प्रतिसादांत भूमिका बदलली. इथला हा विक्रम असावा. दाणे संपले, आणायला जातो.

जवारी

अवांतर आहे, पण खर्जाचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. मी गाणं शिकवते.

मीटरवाल्यांचं गणित पटलं, त्यात थोडी भर. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेत मूळ सूर तसा क्षीणच असतो. जवारी (तार झणझणावी म्हणून घोडीवर केलेली जुळणी) चांगली लावलेली असेल तर त्याच तारेतून आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू सूर त्याच्यापेक्षा ठळक असतात. ते ऐकूनच कान खालचा षड्ज मनाने भरून काढतो. म्हणून छोट्या मोबाइलवरही तानपुरा तानपुराच वाटतो, त्यात ६९ हर्ट्झ नावालाही नसले तरी. काकांना खर्जाचा सूर हरवल्यासारखं नाही, त्याचं बूड हरवल्यासारखं झालं असणार. ज्याने आयुष्यभर खर्ज पोटात ऐकलाय त्यालाच ते जाणवतं. म्हणजे त्यांचा कान गेलेला तर नव्हताच, उलट फार तयार होता.

दुसरं. इथे लोक उठसूट ‘मी सवाईला पहिल्या रांगेत बसून ऐकलंय, मूळ आवाज कसा असतो ते मला माहीत आहे’ असं म्हणतात. अहो, सवाईला तुम्ही मूळ आवाज ऐकलाच नाहीत. माइक, मिक्सर आणि मांडवात टांगलेले स्पीकर ऐकलेत. चांगलं केलेलं असतं, तक्रार नाही. पण त्या स्पीकरांना मूळ मानून घरच्या स्पीकरांना नापास करायचं, हा काय न्याय? माइकशिवायचं गाणं आता कुठे ऐकायला मिळतं? गुरूच्या समोर किंवा एखाद्या घरच्या बैठकीत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी माझा तानपुरा सोडून दुसरा तानपुरा माइकशिवाय ऐकलेला नाही.

तेव्हा ‘मूळ आवाज’ असं म्हणण्याआधी ‘कोणत्या खोलीतला’ ते सांगत जा.

चांदीची तार

@जवारी, पहिल्यांदाच या धाग्यावर कोणीतरी गाण्याबद्दल बोललं. धन्यवाद.

निवृत्त कान

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. या धाग्यावर लिहून टाकतो.

जुन्या सभासदांना मी माहीत आहे. पंधरा वर्षं इथे ‘हाय उघडे हवेत’, म्हणजे उंच सूर मोकळे हवेत, हे माझं पालुपद. कुठल्याही स्पीकरबद्दल विचारलं की मी म्हणायचो, वरचा पट्टा दबलेला आहे, झांजेची चकाकी नाही, ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) बदला, ट्रेबल दोन घरं वाढवा. मी हे अनुभवानेच लिहायचो. माझ्या घरी तसंच ऐकू यायचं.

गेल्या डिसेंबरात नातीने आग्रह केला म्हणून कानांची तपासणी केली. तिचं म्हणणं, आजोबा कुकरची शिट्टी सोडून काही ऐकत नाहीत. वय ६६. आलेख हातात आला. २ किलोहर्ट्झपर्यंत ठीक. ४ ला ४५ डेसिबल खाली. ८ ला ६५. त्याच्या पुढे ते मोजतच नाहीत आणि मोजूनही काही उपयोग नव्हता. डॉक्टरीण म्हणाल्या, हे एका वर्षात होत नाही, दहा-बारा वर्षं हळूहळू चालू असणार.

दहा-बारा वर्षं. म्हणजे माझ्या इथल्या बहुतेक सगळ्या सल्ल्यांच्या काळात.

घरी येऊन मी माझे जुने प्रतिसाद शोधले. एक पोरगा होता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. माझ्या सांगण्यावरून स्पीकर घेतले त्याने, पहिल्या स्टायपेंडमधून. नंतर लिहिलं होतं, ‘काका, आवाज कानाला टोचतो, तासाभरात डोकं दुखतं.’ त्यावर माझं उत्तर अजून तिथे आहे: ‘कान तयार व्हायला वेळ लागतो. सहा महिने दे.’

त्याने पुढे काही लिहिलं नाही. खातं बंद दिसतंय. तू कोणत्याही नावाने हे वाचत असशील तर, ट्रेबल कमी कर रे. तुझे कान चांगले होते.

रविवारची रेकॉर्ड

@निवृत्त कान, यावर काय लिहावं कळेना म्हणून नुसती पोच.

मीटरवाला

@निवृत्त कान, धन्यवाद. फार कमी लोक आपला आलेख असा चारचौघांत मांडतील.

चांदीची तार

काका, तुमच्या सांगण्यावरून घेतलेले स्पीकर माझ्याकडेही आहेत. माझं वय ५८. मला ते अजून आवडतात, आणि आता जरा काळजीच वाटायला लागली आहे.

काडीपेटी

दाणे आणले होते, पण हे वाचून बाजूला ठेवले. मीही तपासून घेतो, इयरफोन लावून लोकलमध्ये वीस वर्षं काढलीत.

खर्जातला

तीन आठवड्यांनी वर काढतोय.

चांदीची तार आणि मी एकाच शहरात राहतो हे व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळलं. तो गेल्या रविवारी तारांचे दोन जोड घेऊन माझ्याकडे आला. धाग्यावरून मला वाटलं होतं तसा अजिबात नाही, पोहे दोनदा घेतले. मुलगी अकरावीत आहे, तिला मधे चादर बांधून मागे बसवलं. ती नाणं उडवणार, छापा आला की साधी तार, काटा आला की चांदीची. दर वेळी तार काढून लावल्याचा आवाज करायचा, बदल असो वा नसो. सोळा फेऱ्या. सोळापैकी बारा ओळखले तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत, असं मीटरवाल्याने सांगितलं होतं. चांदीची तारचे आले नऊ. माझे सात.

मग मी म्हटलं, तार जाऊ दे, माझा नवा डॅक (डिजिटल गाण्याचा स्पीकरसाठी विद्युत संकेत करणारी पेटी) विरुद्ध त्याचा जुना. इथे मी फुशारलो होतो. सोळापैकी पंधरा! दर वेळी माझा डॅक जास्त मोकळा, जास्त खोल. मी सोल्डरकाकांना विजयी फोन लावला. ते म्हणाले, ‘पातळी जुळवली का?’ नव्हती. म्हणाले, ६० हर्ट्झचा टोन लावा आणि साध्या मल्टिमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. साधा मीटर ५०-६० च्या आसपासच खरं बोलतो. मोजलं. त्याचा डॅक २.०० व्होल्ट, माझा २.२४. म्हणजे बरोबर १ डेसिबल मोठा. मोठा आवाज म्हणून कळत नव्हता, चांगला आवाज म्हणून कळत होता. पातळी जुळवून परत सोळा फेऱ्या. आठ.

अठरा हजारांचा आहे तो डॅक. मुलगी म्हणाली, ‘बाबा, नाण्याचे पण आठच येतात.’

चांदीची तार

वरचं सगळं खरं आहे, फक्त पोहे तीनदा घेतले.

तार मी परत लावली आहे. मला ती दिसायला आवडते आणि तिच्यासकट ऐकायची सवय झाली आहे. सारंगी जवळ येते असं यापुढे लिहीन का? लिहीन कदाचित. पण नऊ आले होते हेही खाली लिहीन.

मीटरवाला

@खर्जातला, चादर पातळ होती का? सावली दिसत असेल तर निकाल बाद.

खर्जातला

सोलापुरी. काही दिसत नव्हतं.

नाशिककर नवा

नमस्कार, सहा महिने नुसता वाचतोय, पहिलाच प्रतिसाद. माझी खोली ११ बाय १५. पहिल्या पगारातून छोटे स्पीकर घेतलेत. कुठे बसू?

खर्जातला

सांगत नाही! तानपुरा लाव, काळी एकचा, मोबाइलवरच्या कुठल्याही ॲपमधून स्पीकरवर वाजव. प्लॅस्टिकची खुर्ची घे आणि मागच्या भिंतीपासून एक-एक वीत पुढे सरकत जा. कुठे खर्ज फुगतो, कुठे गळतो ते खडूने फरशीवर लिही. मग ते इथे टाक.

मीटरवाला

आणि पावणेचार फुटांवर काय होतं ते आवर्जून लिही. मी आत्ता बोलत नाही.

नाशिककर नवा

केलं. भिंतीशी प्रचंड फुगतो. पावणेचारला खरंच गळतो, आधी वाटलं ॲप बंद पडलं. पाच फूट दोन इंचांवर एकदम छान, डग्गाही स्वच्छ.

अडचण एकच. पाच फूट दोन इंचांवर बरोबर स्वयंपाकघराचं दार उघडतं. आई म्हणाली, एक तर खुर्ची राहील नाहीतर जेवण. सध्या साडेचारवर तडजोड केली आहे.